घटस्फोटात घरचा कुत्रा किंवा मांजर कुणाकडे ठेवायचं? सातारा-सांगलीकरांसाठी पायरी-पायरीनं

घटस्फोटासाठी वकिलाकडे पहिल्यांदा येणारी जोडपी फ्लॅट, गाडी, दागिने, मुलं, पोटगी अशा क्रमानं बोलतात. कुत्र्याचा विषय निघतो तो उठता उठता, फाईल मिटल्यावर. ‘आणि ब्रुनोचं काय?’ असं कुणीतरी एकजण हळूच विचारतं आणि तासभर शांतपणे हिशेब मांडणारी दोघं तिथे पहिल्यांदा भांडतात. मी साताऱ्यात वकिली करते, सांगलीच्या कोर्टातही तारखा असतात. दोन्हीकडे हे सारखंच पाहिलं आहे.

माझं म्हणणं आधीच सांगते. प्राणी कुणाचा, यावर वाद घालण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरं शोधा. त्याचं रोजचं कोण करतं? आणि पुढच्या पावसाळ्यात तो कुठल्या घरात झोपणार आहे? पैसे कुणी भरले, कुणाला जास्त दुखावलं गेलं, चूक कुणाची, या गोष्टी त्या मुक्या जिवाच्या काही कामाच्या नाहीत. उत्तर मिळालं की ते कोर्टात अर्ज जायच्या आधी कागदावर आणा.

पहिली पायरी: कायदा काय देतो ते समजून घ्या

भारतात पाळीव प्राण्याच्या ताब्यासाठी वेगळा कायदा नाही. कुत्रा किंवा मांजर कायद्याच्या भाषेत जंगम मालमत्ता. हिंदू विवाह कायदा, १९५५ मधलं कलम २६ मुलांच्या ताब्याबद्दल आहे, त्यात प्राणी येत नाही. कलम २७ हे लग्नात किंवा लग्नाच्या सुमारास दोघांना मिळून मिळालेल्या मालमत्तेबद्दल आहे. लग्नानंतर चार वर्षांनी आणलेलं पिल्लू त्यात ओढूनताणूनच बसवावं लागतं. पती-पत्नींमधला मालमत्तेचा दावा ऐकण्याचा अधिकार कौटुंबिक न्यायालय कायदा, १९८४ च्या कलम ७ नुसार कौटुंबिक न्यायालयाला आहे. जिथे असं न्यायालय नाही तिथे दिवाणी न्यायालय आहेच. पण तिथेही मुख्य प्रश्न मालकीचा: कुणी विकत घेतला, कुणाला भेट मिळाला, कागद कुणाच्या नावावर?

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. पिल्लू मुलीला तिच्या माहेरून किंवा कुणाही नातेवाइकाकडून, खास तिला म्हणून मिळालं असेल, तर ते तिचं स्त्रीधन ठरू शकतं. स्त्रीधनावर नवऱ्याचा हक्क नसतो. त्यामुळे ‘कुत्रा आमच्या घरात वाढला, म्हणजे आमचा’ हे सासरचं म्हणणं तिथे टिकायला अवघड आहे.

न्यायालयं प्राण्याकडे निव्वळ वस्तू म्हणूनच बघतात असंही नाही. २०१४ साली जल्लीकट्टूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं प्राण्यांच्या सन्मानानं जगण्याबद्दल सविस्तर लिहिलं. २०२३ साली वांद्र्याच्या दंडाधिकारी न्यायालयानं कौटुंबिक हिंसाचाराच्या एका प्रकरणात पत्नीला अंतरिम पोटगी देताना तिच्या तीन रॉटवायलर कुत्र्यांचा खर्चही धरला आणि पाळीव प्राणी हे चांगल्या जीवनमानाचा भाग आहेत असं म्हटलं. स्पेनमध्ये २०२२ पासून घटस्फोटात प्राण्याचं हित पाहून त्याचा ताबा ठरवता येतो. आपल्याकडे तशी तरतूद नाही, म्हणून तुमच्या घरातल्या प्राण्याचं हित पाहणारी माणसं सध्या तुम्ही दोघंच आहात.

भांडून निकाल घ्यायचा म्हटलं तर वेळेचाही विचार करा. लॅब्राडोरचं आयुष्य साधारण १० ते १२ वर्षांचं. खालच्या कोर्टात पुरावे, मग अपील. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापूरला सुरू झालं आहे, त्यामुळे सातारा-सांगलीच्या पक्षकारांची मुंबईची वारी वाचली. तरी सहा वर्षांच्या कुत्र्याचा वाद वरपर्यंत नेला, तर निकालाच्या दिवशी तो कुत्रा असेलच याची खात्री देता येत नाही.

दुसरी पायरी: कागद एका फाईलला लावा

ही पायरी छोटी आहे, एका संध्याकाळी उरकते. लसीकरणाचं कार्ड, खरेदीची पावती किंवा यूपीआयचा पुरावा, केनेल क्लबचं प्रमाणपत्र असेल तर ते, कातडीखाली मायक्रोचिप बसवली असेल तर तिचा १५ आकडी नंबर, महापालिकेचा किंवा नगरपालिकेचा परवाना काढला असेल तर तो, दवाखान्याची बिलं, जुने फोटो. लसीच्या कार्डावर एकाचं नाव असतं आणि दवाखान्यात दर वेळी दुसराच जातो, हे फार घरांत असतं. म्हणून नुसतं कार्ड पुरेसं धरू नका. डॉक्टरांकडे प्राण्याची नोंद कुणाच्या मोबाईल नंबरवर आहे तेही बघा.

तिसरी पायरी: आठवड्याची वही ठेवा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या.

एक साधी शंभरपानी वही घ्या आणि सात दिवस लिहा. सकाळी फिरायला कुणी नेलं, खायला कुणी घातलं, गोचीड कुणी काढले, रात्री तो कुणाच्या पायाशी झोपला, फटाके वाजले तेव्हा कुणाच्या पलंगाखाली शिरला. आपापल्या आठवणीतून लिहायचं नाही, त्या त्या दिवशी लिहायचं. आठवणीत प्रत्येकालाच वाटतं की सगळं मीच करतो.

कराडजवळच्या एका एकत्र कुटुंबातली वही मी पाहिली आहे. नवरा पुण्यात हिंजवडीला नोकरीला, शुक्रवारी रात्री घरी येणारा. बायको शाळेत शिक्षिका, साडेसातला घर सोडणारी. दोघंही कुत्र्यासाठी हट्टाला पेटलेली. वहीत मात्र सोमवार ते शनिवार एकच शब्द होता: ‘आई’. सकाळची भाकरी दुधात कुस्करून आई घालत होत्या, दुपारी ओसरीवर तो त्यांच्याच शेजारी पडून असायचा, पायाला काटा लागला तर तो काढणाऱ्याही त्याच. त्या घरात ‘नवऱ्याकडे की बायकोकडे’ हा प्रश्नच चुकीचा होता. कुत्रा सासूबाईंकडे राहिला. सून वेगळी झाल्यावरही दर पंधरा दिवसांनी त्याला भेटायला येते आणि सासूबाई तिला चहा केल्याशिवाय सोडत नाहीत.

आपल्या भागात हे वारंवार दिसतं. पुण्या-मुंबईतल्या चौकोनी कुटुंबासाठी दिलेले सल्ले इथे नेहमी लागू पडत नाहीत, कारण प्राण्याचा खरा माणूस बऱ्याचदा आजी, दीर किंवा धाकटी नणंद असते. त्या तिसऱ्या माणसाला बोलावून विचारा. त्याची सांभाळायची तयारी असेल आणि तब्येतही साथ देत असेल, तर तो पर्याय पहिला धरा. मात्र ज्यांनी कधी विचारलंच नव्हतं त्यांच्या गळ्यात प्राणी घालू नका. ‘गावाकडं बाबांकडं ठेवू, शेतात मोकळा राहील’ हे ऐकायला बरं वाटतं. सात वर्षं फ्लॅटमध्ये राहिलेला कुत्रा शेतावरच्या दुसऱ्या कुत्र्यांमध्ये एकटा पडतो. साप, विहीर, उसाला मारलेलं औषध, यातलं काहीच त्याला माहीत नसतं.

चौथी पायरी: पुढचं घर डोळ्यांनी बघून या

वहीत ज्याचं नाव जास्त वेळा आलं त्याच्याकडे प्राणी जावा, हे पहिलं उत्तर. ते उत्तर नव्या घराला लावून बघा.

भाड्याचं घर असेल तर करार वाचा. भारतीय पशु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला बहुमतानं ठराव करूनही पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. घरमालकाची गोष्ट वेगळी. करारात त्यानं प्राणी नको असं लिहिलं असेल आणि तुम्ही सही केली असेल, तर ती अट बांधील ठरते. म्हणून घर शोधतानाच सांगा, ‘माझ्याकडे कुत्रा आहे.’ लपवून राहायला गेलात तर दोन महिन्यांनी घर किंवा कुत्रा यातलं एक सोडावं लागेल.

बाई माहेरी परत जात असेल तर माहेरच्यांशीही तेवढंच स्पष्ट बोला. सोवळं-ओवळं पाळणाऱ्या घरात कुत्र्याला स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंतच मुभा असते, काही घरांत अंगणापर्यंत. भावजयीला प्राण्याची ॲलर्जी असू शकते. आधीच सगळ्यांच्या नजरा झेलत परतलेल्या मुलीला कुत्र्यावरून रोज एक वाक्य ऐकावं लागलं, तर ती आणि तो दोघंही कोमेजतात.

हवामान बघा. साताऱ्यात पोवई नाक्याच्या वर, यवतेश्वरच्या बाजूला राहणारा कुत्रा सांगलीत विश्रामबागला तिसऱ्या मजल्यावर पत्र्याखालच्या खोलीत गेला, तर एप्रिल-मे त्याला जड जातो. हस्की, पग अशा जातींना तर फारच.

आणि सांगलीकरांनो, पाणी बघा. २००५, २०१९ आणि २०२१ आठवा. घर सूर्यवंशी प्लॉटला किंवा मगरमच्छ कॉलनीच्या बाजूला असेल, तर आयर्विन पुलाजवळ कृष्णा ४० फुटांच्या इशारा पातळीकडे जायला लागली की प्राणी कुठे न्यायचा, हे आत्ताच ठरवून ठेवा. ४५ फूट ही धोक्याची पातळी. तोवर थांबलात तर माणसांची आणि सामानाची हलवाहलव चालू झालेली असते आणि मांजर माळ्यावर जाऊन बसलेलं असतं. या एका बाबतीत जुना जोडीदार कामाला येऊ शकतो, त्याचं घर उंचावर असेल तर.

मांजरासाठी एक वेगळा नियम मी सांगते आणि त्यावर ठाम आहे. मांजर माणसाइतकंच, पुष्कळदा जास्तच, जागेला धरून असतं. दोघांपैकी एकजण जुन्याच घरात राहणार असेल आणि तो मांजराचं नीट करत असेल, तर मांजर तिथेच राहू द्या. हलवावंच लागलं तर पहिले काही दिवस एकाच खोलीत ठेवा, त्याची जुनी चादर आणि वाळूचा ट्रे तोच ठेवा, आणि दोन-तीन आठवडे बाहेर सोडू नका. नाहीतर ते जुन्या घराच्या दिशेनं निघतं.

पाचवी पायरी: मुलं असतील तर आधी त्यांच्याकडे बघा

आठ-नऊ वर्षांच्या मुलाचं घर फुटत असताना त्याचा कुत्रा काढून घेऊ नये. बाकी सगळं समसमान असेल तर प्राणी मुलासोबत जावा. मूल शनिवार-रविवार बाबांकडे जाणार असेल आणि अंतर कमी असेल, तर कुत्राही त्याच पिशवीबरोबर जाऊ शकतो. सातारा-सांगली सव्वाशे किलोमीटरच्या आसपास पडतं, त्या अंतराला मात्र दर आठवड्याची ये-जा लावू नका.

‘तू माझ्याकडे राहिलास तर टायगर तुला मिळेल’ असं मुलाला म्हणणं हा अत्याचार आहे. तसं कुणी म्हणत असेल तर वकिलाला सांगा.

सहावी पायरी: सहा महिने वापरा

परस्पर संमतीच्या घटस्फोटात, ज्याला सगळे ‘म्युच्युअल’ म्हणतात, हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब नुसार किमान एक वर्ष वेगळं राहिल्यावर अर्ज करता येतो. अर्ज दाखल झाल्यापासून सहा महिन्यांनी, आणि अठरा महिन्यांच्या आत, दोघांनी पुन्हा हजर राहून संमती द्यायची असते. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की योग्य प्रकरणात हा सहा महिन्यांचा काळ माफ करता येतो. विशेष विवाह कायदा, १९५४ खाली लग्न झालं असेल तर त्यातही संमतीच्या घटस्फोटाची अशीच सोय आहे.

हा काळ बहुतेकांना नकोसा वाटतो. प्राण्यासाठी तो फार उपयोगी आहे. ठरवलेली व्यवस्था या सहा महिन्यांत चालवून बघा. नव्या घरात कुत्रा खातोय का, रात्रभर दाराशी बसून रडतोय का, अंगावरचे केस चाटून चाटून जखम करतोय का? पहिले पंधरा दिवस उदास राहणं साहजिक आहे, त्यावरून घाईनं निष्कर्ष काढू नका. दोन-तीन महिन्यांनंतरही तो सावरला नाही तर पशुवैद्याला दाखवा. जिल्ह्याच्या ठिकाणच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जाता येईल. साताऱ्याच्या उत्तर भागातल्यांना शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय जवळ आहे. मग गरज पडली तर दुसऱ्या तारखेपूर्वी अटी बदला. तोपर्यंत त्या बदलणं सोपं असतं.

एक आठवडा इकडे, एक आठवडा तिकडे, असं आलटून-पालटून ठेवणं मला बहुतेकांसाठी पटत नाही. एकाच गावात, एकाच डॉक्टरकडे, सारखंच खाणं ठेवून दोन समंजस माणसं ते चालवू शकतात. बाकीच्यांत ते आठवड्याच्या भांडणाचं निमित्त होतं. एक कायमचं घर आणि दुसऱ्याला ठरलेली भेट, हे बरं.

सातवी पायरी: अटी नीट शब्दांत लिहा

‘कुत्र्याबाबत उभयतांत समजुतीनं ठरेल’ हे वाक्य अर्जात येऊ देऊ नका. समजुतीनं ठरत असतं तर तुम्ही कोर्टात नसता. मी साधारण असं लिहिते, तुमच्या परिस्थितीप्रमाणे बदला:

*‘ब्रुनो’ नावाचा लॅब्राडोर जातीचा नर कुत्रा, रंग पिवळसर, डाव्या कानावर जुना व्रण, हा अर्जदार क्र. २ हिच्या मालकीत व कायम ताब्यात राहील. अर्जदार क्र. १ याचा त्यावर हक्क राहणार नाही.*

*रोजचा खर्च अर्जदार क्र. २ करेल. एका वेळी ठरावीक रकमेपेक्षा जास्त येणारा उपचाराचा खर्च उभयता निम्मा-निम्मा सोसतील. बिल पाठवल्यापासून १५ दिवसांत रक्कम द्यावी.*

*अर्जदार क्र. १ हा महिन्याच्या दुसऱ्या व चौथ्या रविवारी सकाळी ८ ते दुपारी १ ब्रुनोला नेऊ शकेल. ने-आण त्याने स्वतः करावी.*

*तातडीच्या शस्त्रक्रियेचा निर्णय अर्जदार क्र. २ घेईल. असाध्य आजारात कायमचं झोपवण्याची वेळ आल्यास त्यापूर्वी अर्जदार क्र. १ यास फोनवर कळवून भेटीची संधी द्यावी.*

*अर्जदार क्र. २ हिला सांभाळ अशक्य झाल्यास प्रथम अर्जदार क्र. १ यास विचारावे. परस्पर विक्री किंवा दान करू नये.*

रक्कम रिकामी ठेवू नका, आकडा टाका. मादी असेल आणि नसबंदी झालेली नसेल, तर पिल्लांचं काय, हेही लिहा. जत भागात कारवानी किंवा पश्मी जातीचे कुत्रे पाळणाऱ्या घरांत पिल्लांना चांगले पैसे येतात आणि वाद नेमका तिथे होतो. देवाण-घेवाणीची जागा सासरच्या फाटकाबाहेर ठरवू नका, दवाखाना किंवा बाग बरी.

या अटी संमतीच्या अर्जातच घाला, म्हणजे त्या हुकूमनाम्याचा, म्हणजे कोर्टाच्या अंतिम आदेशाचा, भाग होतात. पुढे कुणी पाळल्या नाहीत तर दरखास्त दाखल करून अंमलबजावणी मागता येते. अर्जाला वेळ असेल तर तात्पुरता करार ५०० रुपयांच्या स्टॅम्पवर (ऑक्टोबर २०२४ पासून १०० चा चालत नाही) करून नोटरी करा. त्याला हुकूमनाम्याचं बळ नसतं, पण काय ठरलं होतं याचा पुरावा राहतो. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळतं.

या पायऱ्या कुणी वापरू नयेत

घरात मारहाण असेल तर वही, चर्चा, सहा महिन्यांची चाचणी, काही नको. ‘गेलीस तर कुत्र्याला मारून टाकीन’ ही धमकी मी ऐकली आहे. अशी धमकी आली तर तारीख-वेळेसह लिहून ठेवा, मेसेज जपून ठेवा, १८१ या महिला हेल्पलाइनला किंवा कौटुंबिक हिंसाचाराच्या तक्रारी घेणाऱ्या सरकारी संरक्षण अधिकाऱ्याला सांगा. निघताना शक्य असेल तर प्राणी सोबत न्या किंवा मैत्रिणीकडे आधीच हलवा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १९(८) खाली स्त्रीधन आणि तिच्या हक्काची इतर मालमत्ता परत देण्याचा आदेश दंडाधिकारी देऊ शकतात, त्यात प्राण्याचा उल्लेख स्पष्टपणे करून मागा. प्राण्याला ठार मारणं किंवा जायबंदी करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली गुन्हा आहे, त्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

दुसरी सूचना पोपटवाल्यांना. पिंजऱ्यातला हिरवा देशी पोपट वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार पाळताच येत नाही. तो कुणाकडे राहील हे कोर्टाच्या कागदावर लिहून घ्यायला जाल तर स्वतःच्या गुन्ह्याची कबुली द्याल. त्याच्याबद्दल आधी वकिलाशी बोला आणि त्याला वनखात्याकडे सोपवायची तयारी ठेवा.

आणि दोघांनाही प्राणी नको असेल तर? होतं असं. तेव्हा त्याला कास रस्त्याला किंवा मिरजेच्या मार्केटजवळ सोडून येऊ नका. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम ११ नुसार उपाशी-तहानलेला राहील अशा स्थितीत प्राण्याला टाकून देणं गुन्हा आहे. नवं घर शोधा, ते घर बघून या, लसीचं कार्ड सोबत द्या आणि पहिल्या महिन्यात दोनदा फोन करा.

निकाल लागल्यावर

त्याच आठवड्यात लसीच्या कार्डावरचं नाव, मायक्रोचिपच्या नोंदीतला मोबाईल नंबर, परवाना आणि पट्ट्यावरची पट्टी बदलून घ्या. डॉक्टरांना हुकूमनाम्याच्या त्या पानाची झेरॉक्स द्या, म्हणजे मध्यरात्री शस्त्रक्रियेच्या फॉर्मवर सही कुणाची चालेल हे त्यांना विचारत बसावं लागणार नाही. रेबीजच्या पुढच्या डोसची तारीख दोघांच्याही फोनमध्ये टाका. ज्याच्याकडे कुत्रा नाही त्यानं ती तारीख आठवण म्हणून कळवली, तर समोरच्यानं ती टोचणी समजू नये.